नामसाधर्म्याचा घात

मराठी माणसाला हिंदी वेगळी शिकावी लागत नाही, असा आपला एक समज असतो. तो ‘शिक्षा’ या शब्दापाशी अडखळतो: तिकडे शिक्षण, इकडे दंड. शब्द अपरिचित असता तर आपण अर्थ विचारला असता. परिचित वाटतो म्हणूनच घात होतो. सी भाषेतील एक आज्ञावली मॅक आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणालींवर चालवताना आमचा असाच घात झाला, आणि त्याचा दोष आम्ही भलत्याच व्यक्तीच्या माथी मारला. त्या कबुलीसाठी हा प्रपंच.

ही आज्ञावली विदा गोळा करून डिस्कवर लिहीत असे. लिनक्सच्या एका यंत्राची डिस्क भरली आणि लिहिणे थांबले. लॉगमध्ये मात्र ‘अज्ञात त्रुटी’ एवढेच शब्द शेकडो वेळा उमटले होते. ते एरवीही उमटत, त्यामुळे कोणी लक्ष दिले नाही. दोन दिवसांची विदा गेली. त्रुटीचा क्रमांक दिला की तिचे वर्णन देणारे ‘स्ट्र-एरर-आर’ हे फंक्शन आमच्या एका तरुण सहकारिणीने मॅकवर बसून वापरले होते. “लिनक्सवर तपासले होतेस का?” असे आम्ही तिला चारचौघांत विचारले. तपासले होते, असे ती म्हणाली. आमचा विश्वास बसला नाही.

ती खरे बोलत होती. पॉझिक्स मानकानुसार हे फंक्शन आपण दिलेल्या बफरमध्ये वर्णन लिहिते आणि यशस्वी झाल्यास शून्य परत करते. मॅकवर तसेच घडते. लिनक्सवरील जीलिबसीमध्ये मात्र या एकाच नावाखाली दोन फंक्शने नांदतात. फायलीच्या आरंभी ‘जीएनयू सोर्स’ हा मॅक्रो नसेल तर मानकातले मिळते. असेल तर जीएनयूचे. हे दुसरे वर्णनाचा पत्ता परत करते, आणि ओळखीच्या त्रुटींसाठी बफरला बोटही लावत नाही. तिचा कोड परत आलेले मूल्य शून्य आहे की नाही, एवढेच पाहत होता. पत्ता कधीच शून्य नसे. म्हणून प्रत्येक त्रुटी ‘अज्ञात’ ठरे. पत्त्याची शून्याशी तुलना सी भाषेत वैध, त्यामुळे कंपायलरने चकार शब्द काढला नाही. आणि तो मॅक्रो फायलीच्या माथ्यावर कोणी घातला? आम्ही. तिचे काम झाल्यावर महिनाभराने, ‘ए-एस-प्रिंट-एफ’ हे सोयीचे फंक्शन लिनक्सवर हवे होते म्हणून. एका ओळीसाठी कसली तपासणी, असे तेव्हा वाटले होते.

फंक्शन मुळातच नसणे हे त्या मानाने प्रामाणिक दुःख. ‘स्ट्र-एल-कॉपी’ ओपनबीएसडीत १९९८ साली आले. जीलिबसीने ते २०२३ साली, २.३८ या आवृत्तीत घेतले. पॉझिक्समध्ये ते २०२४ साली शिरले. मधली पंचवीस वर्षे कित्येक प्रकल्प आपापली प्रत पदरी बाळगून हिंडले. ओपनएसएसएचच्या इतर प्रणालींसाठीच्या आवृत्तीत तर अशा फंक्शनांची स्वतंत्र डिरेक्टरीच आहे. वैताग खरा, पण फंक्शन नसेल तर लिंकर दारातच अडवतो. डिस्क भरेपर्यंत वाट पाहत नाही.

‘एस-एन-प्रिंट-एफ’ची गोष्ट याहून वाईट. सी९९ मानकानुसार जागा अपुरी पडली तरी बफरमधला मजकूर शून्य-वर्णाने बंद होतो, आणि एकूण किती अक्षरे लागली असती तेही कळते. मायक्रोसॉफ्टकडे व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ येईपर्यंत हे फंक्शन नव्हते. नावाआधी अंडरस्कोर असलेले त्याचे भावंड होते. अनेकांनी एका मॅक्रोने त्यालाच मूळ नाव देऊन टाकले. हे भावंड जागा कमी पडली की ऋण संख्या देते आणि शेवटचा शून्य-वर्ण टाकतच नाही. मग पुढचे वाचन बफरचे कुंपण ओलांडून कुठवर जाईल, हे दैवाधीन.

असो. उपाय साधा निघाला. त्या फंक्शनाला हात लावणारी एकच छोटी फाईल वेगळी काढली आणि तिच्यात आमचा तो मॅक्रो येऊ दिला नाही. आम्ही क्षमा मागितली, तीही चारचौघांतच. तिने ती स्वीकारली आणि लगोलग एक चाचणी लिहून दिली: लिनक्सवर ‘डेव्ह-फुल’ नावाचे एक कृतक उपकरण असते, त्यावर काहीही लिहू गेले की डिस्क भरल्याची त्रुटी मिळते. मॅकवर ते उपकरण नाही. तेव्हा चाचणीच्या माथ्यावर तिनेच एक ओळ घातली, ‘फक्त लिनक्ससाठी’, आणि ती आमच्याकडून तपासून घेतली.