अ‍ॅट्रोपिनच्या भ्रमातला जबाब

माझ्या धाकट्या भावानं विष घेतलं, असं सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. त्यानं ते घेतलेलं नाही. ज्या जबाबावरून हे लिहिलं गेलं, तो देताना माझा भाऊ दवाखान्याच्या पलंगावर पडल्या पडल्या हवेतला कापूस वेचत होता. मी हे सांगते, ऐकणारा मान डोलावतो, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, ‘पण खरं सांगा, घेतलं नव्हतं ना?’

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. शेती कोरडवाहू, पीक कपाशी, पुढचं सांगायला नको. 2014 चा पोळा होऊन गेला होता. तुडतुडे आणि पांढरी माशी आली म्हणून दुकानदारानं मोनोक्रोटोफॉस दिलं, लाल त्रिकोणाच्या लेबलाचं, आणि त्यात मिसळायला आणखी एक बाटली. पाठीवरचा पंप गळत होता, वारा उलटा होता, सदरा पाठीला चिकटलेला. दुपारी तो बांधावर ओकला. घरी आणेपर्यंत तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. तालुक्याला एक इंजेक्शन देऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नसांचं प्रकरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेलं आहे. नसेच्या टोकाला ॲसिटिलकोलिन सुटतं, पुढच्या पेशीला आदेश मिळतो आणि कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्या रसायनाचे लगेच तुकडे करतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशकं या एन्झाइमलाच जखडून टाकतात. मग आदेश थांबतच नाही. लाळ सुटत राहते, आतडी पिळवटतात, हृदय मंदावतं आणि फुप्फुसाच्या नळ्या स्रावानं भरतात. पाण्यात न जाता माणूस बुडतो. तुडतुडा मरतो तोही याच रीतीनं. हे सगळं मुलांना परीक्षेपुरतं सांगणं वेगळं आणि सख्ख्या भावाच्या छातीतून ती घरघर ऐकणं वेगळं.

त्यावर देतात ते अ‍ॅट्रोपिन. बेलाडोना, खुरासानी ओवा, धोतरा या एका कुळातल्या झाडांतलं अल्कलॉइड. जर्मन औषधविक्रेता माइन यानं 1831 मध्ये ते बेलाडोनाच्या मुळांतून शुद्ध रूपात काढलं. रेणूत 17 कार्बन, 23 हायड्रोजन, एक नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन. मॉर्फिनमध्ये हायड्रोजन फक्त चार कमी, बाकी आकडे तेच, पण रचना निराळी आणि काम तर अगदीच निराळं. (अशा गोष्टी मला वर्गात सांगायला आवडतात. मुलांना आवडत नाहीत.) झाडात असतं ते मुख्यतः हायोसायमिन. काढता काढता त्यातल्या निम्म्याचं आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं रूप होतं आणि त्या मिश्रणाला अ‍ॅट्रोपिन म्हणतात. गुण जवळपास सगळा मूळच्या निम्म्याचा.

आणि हे औषध विष उतरवत नाही. मला ते तिथल्या एका तरुण निवासी डॉक्टरनं सांगितलं तेव्हा धक्काच बसला. अ‍ॅट्रोपिन कीटकनाशकाला हात लावत नाही, एन्झाइमलाही सोडवत नाही. ॲसिटिलकोलिन जिथे जाऊन बसतं त्या जागा ते अडवून धरतं, तेही मुख्यतः ग्रंथी, हृदय, आतडी आणि श्वासनलिकांपुरतं. एन्झाइम सोडवायला प्रालिडॉक्सिम लागतं, त्यालाच दवाखान्यात ‘पॅम’ म्हणतात, आणि तेही वेळेत दिलं तर. विष त्याच्या गतीनं शरीरातून जाणार. तोवर माणूस गुदमरू नये एवढीच अ‍ॅट्रोपिनची नोकरी.

अ‍ॅम्प्यूल 0.6 मिलिग्रॅमचं असतं. एरवी शस्त्रक्रियेआधी तेवढं एक पुरत असे. इथे पाच-पाच एकदम फोडत होते, पाच मिनिटांनी त्याच्या दुप्पट, पुन्हा छाती ऐकायची. सिस्टर काखेत हात घालून घाम आहे का बघायची. काख कोरडी, छाती स्वच्छ आणि नाडी ऐंशीच्या वर, हे होईपर्यंत थांबायचं नाही. ट्रेमध्ये फुटक्या काचांचा ढीग साठला. साठा संपत आला म्हणून माझ्या नवऱ्याला बाहेरच्या मेडिकलमध्ये पिटाळलं. त्या रात्री छातीतली घरघर थांबली. तो आवाज बंद होताना मी ऐकला आहे, त्यामुळे अ‍ॅट्रोपिनबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी मी त्या औषधाला शिव्या दिल्या. घाम थांबवताना ते मेंदूतही जातं. भाऊ तापला, चेहरा लाल झाला, तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटायची. बाहुल्या आता डोळाभर पसरल्या होत्या. त्याला माणसं ओळखू येईनात. हात मात्र सारखे चालू. चिमटीनं हवेतून काहीतरी तोडायचं आणि पोटाशी नसलेल्या ओटीत टाकायचं. ‘माय, ओटी भरली वं,’ असं आईला म्हणायचा. आई हुंदके देत ‘हो राजा, भरली’ म्हणायची. हवेत किंवा चादरीवर असं वेचत राहणं ही या अमलाची पुस्तकातली खूण आहे, हे मला नंतर कळलं. त्याचे हात बँडेजनं पलंगाला बांधले तरी बोटं वेचतच होती.

आणि तेव्हा हवालदार आले.

विषबाधा म्हटली की पोलीस येतात, त्यात गैर काही नाही. गैर हे की प्रश्न आधीच ठरलेले होते. कर्ज किती? लग्न ठरलं का? घरात भांडण? आम्ही सांगत होतो, ‘फवारनी करत होता जी.’ ते म्हणाले, ‘फवारनीनं इतकं होत नाही, ताई.’ मग पलंगावर वाकून मोठ्यानं विचारलं, ‘औषध पेलास का रे?’

‘हो,’ भाऊ म्हणाला.

त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, थांबा. मी वाकले आणि विचारलं, ‘भाऊ, वॉर्डात पाऊस पडून राह्यला का?’ तो म्हणाला, ‘हो.’ ‘कापूस किती झाला?’ ‘हो.’ हवालदार हसले. शेजारच्या पलंगावरचे नातेवाईकही हसले. मला वाटलं, आता कागद फाडतील. त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवला.

जबाब घेण्याआधी रुग्ण शुद्धीवर आहे, जबाब देण्याच्या स्थितीत आहे, असं डॉक्टरनं लिहून द्यायचं असतं. त्या कागदावर तसं लिहिलेलं आहे आणि खाली सही आहे. सही कुणाची हे मी पुढे शोधून काढलं, इथे लिहिणार नाही. पण ज्या माणसाला तासातासाला इतकं अ‍ॅट्रोपिन चालू आहे, ज्याच्या केसपेपरवर त्याच दिवशी सिस्टरनं ‘बडबड, हात बांधले’ असं लिहिलं आहे, तो जबाब द्यायला योग्य? एकाच फाइलमध्ये दोन्ही कागद एकमेकांशेजारी आहेत आणि कुणालाही त्यात विसंगती दिसली नाही. मी अर्ज केले. उत्तर आलं की रुग्णाचा स्वतःचा जबाब असल्यानं बदल करता येत नाही. रुग्ण बरा झाल्यावर तो नवा जबाब द्यायला तयार आहे, असा अर्ज केला. त्याला उत्तर नाही. तेव्हा कलम 309 होतं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा. गुन्हा चालवला नाही हे उपकार, असं आम्हाला ऐकवण्यात आलं.

डॉक्टरांची शंका मी समजू शकते. कातडीतून किंवा श्वासातून गेलेल्या विषाचा जोर बहुधा कमी असतो, आणि आमच्याकडे या वॉर्डात येणारे बरेच जण प्यालेलेच असतात. पण ही रसायनं ओल्या कातडीतूनही सहज आत शिरतात. गळका पंप आणि भिजलेला सदरा तासन् तास पाठीवर असला तर आत किती जाईल, याचा हिशेब कुणी मांडला? सदरा आम्ही पिशवीत बांधून नेला होता. तो कुणीही उघडून पाहिला नाही.

दोन-तीन दिवसांनी भ्रम उतरला आणि त्याला उशीवरून मान उचलता येईना. मग श्वासही ओढता येईना. हा विषाचा मागून येणारा हल्ला थेट स्नायूंवरचा, तिथे अ‍ॅट्रोपिन काही करू शकत नाही. व्हेंटिलेटर मिळाला म्हणून तो आज आहे.

एक गोष्ट मला छळते. शेजारच्या पलंगावर एक बाई होती, ती खरोखर प्याली होती. तेच औषध, त्याच काचा, तसंच हवेतलं वेचणं. मग ‘आमच्या माणसानं नाही घेतलं’ हे मी इतकं ओरडून का सांगत होते? घेतलं असतं तर तो कमी दर्जाचा झाला असता का? नाही, असं मी वर्गात सांगेन. पण त्याचं ठरत आलेलं लग्न मोडलं ते याच शब्दानं, आणि तेव्हा मी त्या पाहुण्यांच्या दारात जाऊन केसपेपर दाखवला.

2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. सरकारनं चौकशी पथक नेमलं, वर्तमानपत्रांनी पानं भरली. मग नातेवाईक येऊन म्हणाले, ‘आता पटलं हो तुमचं.’ मला समाधान वाटायला हवं होतं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

धोतरा आमच्या बांधावर आहे, श्रावणात बाबा त्याचं फळ महादेवाला वाहतात. फवारणीचं विष चढलं तर धोतरा द्यावा, असं माझं ऐकून गावातल्या एका शहाण्यानं काढलं. देऊ नका. कुठल्या बीत किती अल्कलॉइड आहे हे कुणी सांगू शकत नाही, शिवाय त्यात स्कोपोलामिनही असतं. धोतऱ्यानं माणसं मेलेली आहेत आणि प्रवासात गुंगी देऊन लुटलेलीही आहेत.

फवारणी करताना कुणाला मळमळलं, घाम सुटला, तर आधी अंगावरचे कपडे काढा आणि साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा. बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या. अ‍ॅट्रोपिन सुरू होण्याआधी, माणूस बोलता आहे तोवर, ‘फवारणी करताना’ हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या आणि लिहिलेले स्वतः वाचा. नंतर ते कुणी लिहीत नाही.