आधी पत्र, मग माणूस

१९३०च्या सुमारास रिचर्ड लापिअर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीने देशभर हिंडले. तिथे तेव्हा चिन्यांविषयी उघड तिरस्कार होता. तरी २५१ हॉटेलं-उपाहारगृहांपैकी एकानेच त्यांना परत पाठवलं. काही महिन्यांनी लापिअरनी त्याच ठिकाणी पत्रं धाडून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जण ‘नाही’ म्हणाले. १९३४ साली हे छापून आलं. (जोडपं हसतमुख, इंग्रजी सफाईदार, शिवाय पत्राला उत्तर देणारा काउंटरवरचाच माणूस असेल असंही नाही.)

पुण्यात भाड्याचं घर शोधताना मला लापिअर फार आठवतात. फोनवर आडनाव सांगितलं की ‘सोसायटीत चालत नाही हो’. अशाच घरांतून आलेले ऑफिसातले मित्र ईदला हक्काने शिरखुर्मा मागतात, अम्मीची तब्येत विचारतात. मला ते ढोंग वाटत नाही. नुसत्या नावाला नकार देणं सोपं असतं, दारात उभ्या माणसाला जड जातं. त्या जोडप्याने आधी काउंटर गाठला, पत्र मागाहून गेलं. आमचं उलटं होतं.

हल्ली मी दलालांना सांगतो, आधी मालकांची भेट घालून द्या, नाव मी तिथेच सांगेन. दोघे तयार झालेत. रविवारी कोंढव्याबाहेरचं एक घर बघायचं आहे.