नावेतील मोरी

आमचे सारे आयुष्य वाईस कृष्णाकाठी गेले. लहानपणी घाटावरून नदीत उड्या टाकल्या, यापलीकडे पाण्याशी आमचा परिचय नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक, त्यानंतर पाठशाळेतील व्याकरण आणि त्या शिदोरीवर केलेली संस्कृतची मास्तरकी, एवढ्या भांडवलावर होडीच्या बांधणीविषयी लिहावयास बसणे हे धाष्टर्य होय, हे आम्ही जाणून आहोत. परंतु घरातील एका वादात आम्हांस पंच नेमण्यात आले आणि पंचाने आपला निवाडा कसा झाला ते सांगावे, अशी रीत आहे.

२०२३ च्या मार्चमध्ये आम्ही उभयता धाकट्या चिरंजिवांकडे अमेरिकेत गेलो. ते मेरीलँड राज्यात ॲनापोलिसनजीक राहतात. तेथे चेसापीक नावाचा उपसागर आहे. त्याची लांबी सुमारे २०० मैल, पण सरासरी खोली अवघी २१ फूट. नद्यांचे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी एकत्र होऊन ते मचूळ झालेले. सुटीच्या दिवशी तिकडील पुष्कळ मंडळी शिडाच्या होड्या घेऊन त्यात विहार करतात. चिरंजिवांनाही हा नाद लागला असून आदल्या वर्षी त्यांनी एक २४ फुटी जुनी होडी विकत घेतली होती. थंडीच्या दिवसांत होड्या क्रेनने उचलून बाहेर काढतात व लोखंडी टेकूंवर उभ्या करून ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा ही होडी तशीच, पोट उघडे टाकून, शे-दोनशे भावंडांच्या रांगेत उभी होती.

शिडी लावून आम्ही वर चढलो व आत उतरलो, तो काय! होडीच्या पोटात एक बिऱ्हाडच होते. चार माणसांना निजावयास फळ्या, घडीचे मेज, बर्फाची पेटी, स्पिरिटवर चालणारा स्टोव्ह, पडद्याआड शौचकूप आणि डाव्या बाजूस चिमुकली पोलादी मोरी. मोरीवर हाताने दाबावयाचा पंप, शेजारच्या बाकाखाली ४५ लिटरची पाण्याची टाकी. हे सर्व कारखान्यातूनच बसवून आलेले. कारखाना होडी कोणा एका कुटुंबासाठी बांधीत नाही. प्रदर्शनाच्या मांडवात गिऱ्हाइकाने आत डोकावताच 'येथे संसार मांडता येईल' असे त्याला वाटावे, यासाठी तो बांधतो. मग त्या गिऱ्हाइकाने जन्मात एक रात्र होडीवर काढली नाही तरी कारखान्याचे काही बिघडत नाही.

आमच्या चिरंजिवांची गोष्ट हीच. सकाळी दशम्या, चटणी व ताकाची बाटली घेऊन निघावयाचे आणि दिवेलागणीपूर्वी परत यावयाचे, हा त्यांचा क्रम. म्हणून त्यांनी संकल्प सोडला, की यंदा हे सारे काढून टाकावे. वजन कमी होईल, पाय पसरावयास जागा होईल, आणि थंडीत नळ्या फुटू नयेत म्हणून दरवर्षी त्यांत गुलाबी औषधी द्रव भरण्याचा खटाटोप वाचेल. सूनबाईंचे म्हणणे उलट. होडी पुढे विकावयाची झाली तर घेणारा हेच सामान विचारील, आणि मोरी हे तर आमच्या नऊ वर्षांच्या नातीचे खेळघर होते. दोघांनीही आमच्याकडे पाहिले. "बाबा, तुम्हीच सांगा आता," सूनबाई म्हणाल्या. आमचे कुटुंब तेवढ्यात पुटपुटले, की यांना घरातला नळ दुरुस्त करता येत नाही, हे काय सांगणार! त्यात असत्य काहीच नव्हते.

स्टोव्हविषयी वाद झाला नाही. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि दाबावर चालणाऱ्या त्या जुन्या स्टोव्हचा भडका उडतो. तो त्याच दिवशी निघाला. शौचकूपाचेही लवकर मिटले. त्या देशात किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत मैला पाण्यात सोडण्यास कायद्याची बंदी आहे, तेव्हा त्याच्या नळ्यांचा उपयोग नव्हता. पण बायकामुले बरोबर असता सोय तर हवीच, हे सूनबाईंनी एका वाक्यात पटवून दिले. उचलून नेता येईल असे बंद भांडे त्या जागी आले.

खरा खोळंबा झाला तो खांबापाशी. होडीच्या मध्यभागी, मेजाला लागूनच, एक बारीकसा खांब होता. येताजाता तो खांद्याला लागे. चिरंजिवांच्या मते तो मेजाला आधार म्हणून बसविलेला, सबब मेजाबरोबर जावयास हवा. स्क्रू काढण्याचे हत्यार त्यांच्या हातात होते. आम्ही म्हणालो, "थांबा."

का म्हणालो ते सांगावयास वाईस परतले पाहिजे. १९८७ साली आमच्या वाड्याची मागील पडवी पडली, आणि तिच्यावरील पन्हळ उगीचच लोंबकळत राहिली. कोणतेच पाणी तीतून वाहताना आम्हांस दिसेना. आम्ही ती काढविली व पत्रा मोडीत घातला. वडील एवढेच म्हणाले, "कोणीतरी कशासाठी तरी लावली असेल." श्रावणात झड लागली. वरच्या पाख्याचे पाणी, जे मोठ्या पावसातच त्या बाजूस येई, ते थेट माजघराच्या मातीच्या भिंतीत मुरले, आणि एका रात्री भिंतीचा दोन हात भाग वडिलांच्या अंथरुणावर कोसळला. खोकल्यामुळे ते त्या रात्री ओटीवर येऊन बसले होते. सकाळी ते आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत. आपली वळकटी झटकून त्यांनी सोप्यात नेली आणि अखेरपर्यंत तेथेच निजत. त्या न बोलण्याचा भार आम्ही अजून वाहतो.

म्हणून वाड्यातल्या सवयीने आम्ही वर पाहिले. खांब असला म्हणजे त्यावर तुळई असावयाची! येथे तुळई नव्हती, पण खांबाच्या बरोबर वर, बाहेरच्या अंगास, डोलकाठीचे बूड टेकण्याची पोलादी बैठक होती. शेजारच्या होडीवर एक म्हातारे गृहस्थ रंग खरवडीत होते, त्यांना चिरंजिवांनी विचारले. ते आत आले व खांबावर थाप मारून म्हणाले, की डोलकाठी छपरावर उभी असते, दोहो बाजूंच्या तारा तिला खाली ओढतात, आणि तो सारा दाब हा खांब तळाच्या कण्यापर्यंत नेतो. तो काढून शीड उभारले असते, तर भर वाऱ्यात छप्पर खचले असते. चिरंजिवांनी हत्यार पेटीत ठेवले.

आता वाचक म्हणतील, की पंचांचा कल ओळखला. जे आहे ते राहू द्यावे, असा निवाडा होणार. आम्हांसही तसेच वाटू लागले होते, आणि मोरी राहावी असे बोलून आम्ही सूनबाईंचा पक्ष जवळजवळ घेतलाही होता. तोच चिरंजिवांनी मोरीखालचे दार उघडून आत कंदील धरला. मोरीचे पाणी जाण्यास दीड इंच व्यासाचे छिद्र होडीच्या तळाच्या भिंतीतून आरपार काढलेले असून त्यावर एक तोटी होती. तिची दांडी फिरेना. त्यांनी जरा जोर केला, तो दांडीसकट वरचा भाग हातातच आला.

तुटलेल्या जागी पितळेचा पिवळा रंग नव्हता. गुलाबी, भुसभुशीत, जुन्या विटेसारखा काही पदार्थ होता. पितळ म्हणजे तांबे व जस्त. खारट पाण्यात वर्षानुवर्षे बुडून राहिले, की त्यातले जस्त निघून जाते व उरते ते तांब्याचे सच्छिद्र सोंग. तेथे काशाची तोटी हवी होती, कोणी कधी पितळेची बसविली ते देव जाणे. चिंच लावून पितळी भांडी घासणाऱ्या आमच्या कुटुंबाने तो तुकडा उजेडात धरून पाहिला व म्हणाले, "हे तर आतून मेलेले आहे."

त्या सायंकाळी आम्ही नातीस गणित घातले. पाण्याखाली एक फूट खोल छिद्र असेल, तर आत येणाऱ्या धारेचा वेग किती? गुरुत्वाचे ३२, त्याची दुप्पट ६४, तिचे वर्गमूळ ८. म्हणजे सेकंदास आठ फूट. छिद्राच्या तोंडाशी धार आकुंचन पावते, तेवढे वजा केले तरी दीड इंची छिद्रातून मिनिटास सुमारे शंभर लिटर पाणी आत येते. नातीने बादल्यांत हिशेब केला: पंधरा लिटरच्या जवळजवळ सात बादल्या, एका मिनिटात. मग तिने विचारले, "आजोबा, आणि तोटी मागच्या वर्षीच तुटली असती तर?" आदल्या ऑगस्टात, किनारा दोन मैल दूर असता, ती त्याच मोरीपाशी बसून भातुकलीची भांडी विसळीत होती. चिरंजीव पानावरून उठले व बाहेर जाऊन बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा बेत पहिल्याहून जहाल झाला: सगळीच छिद्रे बुजवावी, सगळेच सामान उपटावे. परंतु उपटणे म्हणजे संपणे नव्हे, हे होडीनेच त्यांना दाखविले. छपरावरील दोन निकामी कड्या त्यांनी काढल्या, तर स्क्रूच्या भोकांतून तपकिरी लगदा आला. फायबरग्लासच्या दोन पातळ पाठींच्या मध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड भरलेले असते. भोकातून पाणी शिरले की ते कुजते. कडी काढावयाची, तर भोक मोठे करून, कुजके लाकूड कोरून, वाळवून, एपॉक्सीने भरावे लागते. कडी काढण्यास पाच मिनिटे लागली, भोकांस दोन रविवार.

येथे आम्हांस आमचे व्याकरण आठवले. पाणिनीच्या धातुपाठात 'करणे' हा धातू नुसता 'कृ' असा नाही. त्याला पुढे 'डु' व मागे 'ञ्' जोडून 'डुकृञ्' असा सांगितला आहे. ही जोडलेली अक्षरे रूप होताना लोप पावतात, कोणाच्या तोंडी ऐकू येत नाहीत. पण 'ञ्' होता म्हणून क्रियापद दोन्ही पदांत चालते, आणि 'डु' होता म्हणूनच 'कृत्रिम' हा शब्द सिद्ध होतो. अर्धी मात्रा वाचली तरी हर्ष मानणाऱ्या वैयाकरणांनीही लोपलेल्याचे कार्य खातेवहीत मांडून ठेवले आहे. आम्ही हे चिरंजिवांस सांगितले. त्यांनी आदराने ऐकले, आणि मग घासकागद कोणत्या नंबरचा आणावा असे विचारले.

निवाडा असा झाला. टाकी, पंप व नळ्या काढाव्या. मोरीचे व शौचकूपाचे छिद्र तोटी बदलून ठेवू नये, कायमचे बुजवावे. हाताने पाणी उपसण्याचा जुना पंप मात्र, विजेचा असला तरी, जागचा हलवू नये. वीज बंद पडते त्याच रात्री पाणी आत येते. आणि मोरीचे भांडे राहावे. तिच्या तळाशी नळी लावून ती खाली ठेवलेल्या डब्यात सोडावी. घरी येताना डबा ओतून टाकावा. चिरंजीव कुरकुरले, की मग पाय पसरावयास जागा कोठे झाली? ती झाली नाही, हे खरे. सूनबाईही पुरत्या संतुष्ट नव्हत्या. पुढील गिऱ्हाइकास काय सांगावे, हा त्यांचा प्रश्न उरलाच.

बुजविण्याचे काम एप्रिलच्या उबेत झाले. नुसते बूच मारून भागत नाही. भिंत पाव इंच जाड, तर छिद्राभोवती तीन इंच उतरता घासून बशीसारखा खोलगट आकार करावा लागतो, व त्यात काचतंतूंच्या कापडाचे थरावर थर एपॉक्सीत भिजवून बसवावे लागतात. नात गोल कापून देई, आमच्याकडे मोजणी होती.

मे महिन्यात होडी पट्ट्यांत अडकवून क्रेनने पाण्यावर आणली. अर्धी बुडाल्यावर पट्टे तसेच ठेवून यारीवाल्याने हाताने थांबण्याची खूण केली. चिरंजीव आत उतरले, मोरीखालचे दार उघडून दोन्ही जागांवर कोरडा कागद दाबून धरला. आम्ही धक्क्यावरून पाहत होतो. बराच वेळ त्यांनी कागद उचलला नाही. मग तो वर दाखविला, कोरडा होता.

पट्टे सुटले. होडी पाण्यावर बसली, आणि किंचित उजवीकडे कलली. कारण टाकी, पंप व नळ्या सर्व डाव्या बाजूच्या होत्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, की कारखान्याने तोल मांडला तो त्यांच्यासकट. आता साखळी किंवा बॅटरी डावीकडे हलवा. ते पुढील रविवारवर गेले. त्या दिवसापुरते, आमचे वजन विचारून, नातीने आम्हांस डाव्या बाकावर, टाकीच्या जागेवर बसविले, आणि उठू नका असे बजावले.