शेपटीच्या शिरेतले रक्त

११ जुलै
शेतविहिरीतून काढलेली बिबट्याची मादी सकाळी भुलीखाली होती. अंगभर गोचीड, हिरड्या फिकट. शेपटीच्या शिरेतून रक्त घेतले: लाल झाकणाच्या नळीत सीरमसाठी, जांभळ्या झाकणाच्या नळीत पीसीआरसाठी. एक थेंब तिथेच काचपट्टीवर ओढला. नळीत राहिलेल्या रक्तातल्या पेशी आकार बदलतात, म्हणून काचपट्टी जनावराशेजारीच करायची.

रात्री गिम्सा रंग देऊन पाहिले. काही तांबड्या पेशींत अंगठीसारखे बारीक जांभळे ठिपके. गोचिडांतून येणारा बॅबेसिया हा परजीवी असावा, पण सायटॉक्सझून हा दुसरा परजीवीही असाच दिसतो. नाव पीसीआर ठरवेल.

१२ जुलै
पावसाळ्यात चावऱ्या टॅबॅनस माश्या वाढतात, म्हणून त्यांच्यामार्फत पसरणारा सर्रा हा रोगही तपासला. रक्ताची केशनळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशींच्या वरचा पांढरा थर पाहिला. वळवळणारे काही नाही. यावर मी निर्धास्त होत नाही. सर्राचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी अंगावरचे प्रथिनाचे आवरण बदलत राहतो, त्यामुळे रक्तात त्याच्या लाटा येतात. दोन लाटांमध्ये काचपट्टी स्वच्छ दिसते.

१३ जुलै
सर्राची प्रतिपिंडे शोधणारी कार्ड चाचणी पॉझिटिव्ह. निळे रंगवलेले परजीवी सीरममध्ये एकत्र आले. फोनवर लगेच विचारणा: "मॅडम, सर्रा निघाला ना? मग इंजेक्शन देऊन टाका." दिले नाही. सर्रावरच्या डायमिनाझीन या औषधाची मात्रा थोडी जास्त झाली तरी कुत्र्यांच्या मेंदूवर परिणाम होतो. बिबट्यात मी ते पुराव्याशिवाय टोचणार नाही.

एलायझा चाचणीने खात्री करावी, तर तिच्या किटमधले दुसरे प्रतिपिंड बहुधा गाईसाठी वा कुत्र्यासाठी बनवलेले असते. ते बिबट्याचे प्रतिपिंड ओळखेलच असे नाही. कार्डावर ही अडचण नाही, तिथे तिचीच प्रतिपिंडे परजीवींना जोडतात. पण सीरम किती पातळ केल्यावर आलेली गुठळी खरी मानायची, हा आकडा गुराढोरांवरून आलेला आहे. शिवाय आजार सरला तरी प्रतिपिंडे महिनोन्महिने राहतात.

१४ जुलै
चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यावरचा शोधनिबंध पुन्हा वाचला. माणसातला सर्राचा हा भारतातला पहिला नोंदलेला रुग्ण, २००५ साली प्रसिद्ध झालेला. त्यानंतर तिथल्या १८०६ गावकऱ्यांची कार्ड चाचणी झाली आणि पहिल्या फेरीत ४१० जण पॉझिटिव्ह आले. ज्यांच्यात प्रतिपिंडे जास्त होती त्यांचे रक्त तपासले, तर परजीवी एकाच्याही रक्तात सापडला नाही. त्या सगळ्यांना औषध टोचले असते तर?

उलट बाजूही विसरून चालणार नाही. २००० च्या जुलैत ओडिशातल्या नंदनकाननमध्ये याच रोगाने दहाहून अधिक वाघ गेले. म्हणून नुसते थांबायचे नाही, दुसरा नमुना घ्यायचा.

२७ जुलै
पीसीआर आला: बॅबेसिया आहे, ट्रिपॅनोसोमा नाही. दुसऱ्या सीरममधली प्रतिपिंडे पहिल्याइतकीच, चढलेली नाहीत. म्हणजे सर्राशी तिची गाठ पूर्वी पडली असावी, आज तो आजार नाही. उपचार बॅबेसियावर चालू आहेत; ती खाते आहे, हिरड्यांना रंग येतो आहे.

दोन्ही सीरम गोठवून ठेवली. कार्ड चाचणीचा बिबट्यासाठीचा आकडा बिबट्यांच्याच सीरमवरून ठरेल, आणि ती जमवणे आपल्याच हातात आहे. रेडिओ पट्टा बसवायला असो वा विहिरीतून काढायला, जनावराला भूल देणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला माझी विनंती आहे: दोन काचपट्ट्या करा, थोडे सीरम गोठवा, आणि नळीवर तारीख, ठिकाण, वय लिहायला विसरू नका.