तारेची मुकी बाजू

तारेने घोडीवर नेमके किती घासावे आणि कोठे सुटावे, याच विवंचनेत मिरजेत ज्याची हयात गेली, त्याच्यापुढे त्याच्याच भाच्याने आपली बेस गिटार आणून ठेवावी आणि "मामा, हिची खरखर तेवढी काढून द्या," म्हणावे, ही दैवाने केलेली थट्टाच म्हणावयाची. अलीकडे माझे कान वरच्या स्वरांना दाद देईनासे झाले आहेत. तंबोऱ्याच्या जोडातून उठणारा बारीक झंकार मला आता शेजारी बसलेल्या पोराच्या चेहऱ्यावरून ताडावा लागतो. त्यामुळे ज्या वाद्याची सर्वांत जाड तार सेकंदाला अवघी ४१ आंदोलने करते, त्याचे दुखणे आपल्या कानांना अजून झेपेल, असा एक स्वार्थी हिशेब मी मनाशी केला. मूळ स्वर कितीही खर्जातला असला तरी खरखर वरच्याच सप्तकांत वस्तीला असते, हे मला ठाऊक होते; पण तेवढ्यापुरते ते मी बाजूस ठेवले.

खुली तार घासत असेल तर दांडीच्या वरच्या टोकाचा आड झिजला आहे, एकाच पडद्यावर घासत असेल तर त्याच्या पुढचा पडदा उचललेला आहे, हे आमच्या धंद्यातल्या माणसास सांगावे लागत नाही. वाद्य परदेशी असले म्हणून लाकूड आणि तार आपले कायदे बदलीत नाहीत. भाच्याच्या वाद्याची तक्रार यांपैकी कशातच बसत नव्हती. तिसऱ्या तारेवर, पाचव्यापासून आठव्या पडद्यापर्यंत कोठेही बोट ठेवले की स्वर स्वच्छ निघे, आणि त्या स्वराच्या पाठीमागे, जणू दुसऱ्याच खोलीत, काहीतरी किरकिरत राही. एका दुकानदाराने त्यावर घोडी उचलण्याचा उपाय केला होता, तोही एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा. शेवटी तारा इतक्या उंच गेल्या की पोराच्या बोटांना घट्टे पडले, आणि किरकिर होती तेथेच राहिली.

आवाज जेथे ऐकू येतो तेथे तो क्वचितच जन्मतो, ही आमच्या व्यवसायातली सर्वांत चिवट अडचण. तिच्यापायी मी कितीतरी दुपारी घालविल्या आहेत. तंबोरा घ्या. गवई म्हणतो जवारी, म्हणजे तारेची घोडीवरची ती घासण, बिघडली, कारागीर कानस घेऊन घोडीवर बसतो, आणि अपराधी असते ती दांडीच्या कडेची सुटलेली सेल्युलॉइडची पट्टी, किंवा तबलीला नकळत टेकणारा मणी, किंवा उन्हाळ्यात भोपळा आणि लाकूड यांच्या सांध्यात पडलेली केसाएवढी फट. घोडीचा मात्र विनाकारण बळी जातो, आणि एकदा खाली गेलेले हाड परत वर येत नाही. म्हणून माझा रिवाज असा की, संशयितांवर एकेक करून बोट दाबावयाचे, आणि ज्याच्यावर दाब पडताच आवाज थांबेल त्याला धरावयाचे. त्या रिवाजाप्रमाणे मी बेसच्या खुंट्यांच्या चकत्या दाबल्या, घोडीच्या स्क्रूंवरच्या बारीक स्प्रिंगा दाबल्या, चुंबकांची झाकणे दाबली. किरकिर चालूच.

मग मी तो उपाय केला, जो मी परक्या माणसासमोर करीत नाही. बांबूची एक चपटी काडी दातांत धरली आणि तिचे दुसरे टोक दांडीच्या पाठीवर टेकवून ते हळूहळू सरकवीत नेले. कान थकले तरी हाडे ऐकतात. भाचा सातव्या पडद्यावर बोट ठेवून तार छेडीत होता. मी काडी त्याच्या बोटापासून घोडीकडे नेली की दातांत केवळ स्वर येई, आणि आडाकडे नेली की दाढेत मुंग्या येत. म्हणजे जी तार वाजत होती ती निर्दोष होती. बोटाच्या मागे, आडापर्यंत, जो तारेचा तुकडा वाजणे अपेक्षितच नव्हते, तोच थरथरत पडद्यांना चाटत होता. मी त्या मुक्या बाजूवर फडक्याची घडी ठेवली आणि किरकिर तत्काळ बंद पडली.

पुढचे सगळे सरळ होते. बेसच्या दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तारा दांडीला पुढे वाकवू पाहतात आणि सळई तिला मागे ओढते. बोटांना हलके पडावे म्हणून भाच्याने तारा बदलल्या होत्या. जाड तार ०.१०५ इंचाची होती तेथे ०.०९५ची आली, बाकीच्याही त्याच प्रमाणात बारीक झाल्या, आणि त्याच स्वरात लावल्यामुळे तारांचा ताण उतरला. सळई होती तशीच राहिली, आणि दांडी किंचित पाठीकडे झुकली. पहिला व शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून पाहिले तर मधल्या पडद्यांवर तार सपशेल निजलेली. आता घोडी आभाळाला भिडविली तरी बोटाच्या मागचा तुकडा वर कसा उचलला जावा? मी सळई पाव फेरा सैल केली, वाद्य रात्रभर उभे ठेवले, सकाळी आणखी थोडी सैल केली, आणि सातव्या पडद्यापाशी व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट मिळताच घोडी पुन्हा खाली आणली.

प्रत्येक तक्रारीवर एकच दवा देणारे हे दुकानदार मला नवे नाहीत. आमच्या गल्लीतही आता यंत्रावर घासलेल्या तयार घोड्या येतात, दिसावयास तुळतुळीत, आणि त्या कोणत्याही तंबोऱ्यावर बसविल्या तर सगळे तंबोरे एकाच गळ्याने बोलतात. आणि ज्यांना तेही ओझे वाटते त्यांनी तंबोऱ्याच्या जागी विजेचा डबा घेऊन ठेवला आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद मलाही झाला. पण मानांकनाने कोणाच्या हातात कानस स्थिर राहत नाही. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वराचा निःस्पंद बिंदू पडतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, हा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम आपल्या तंबोऱ्याची आणि वीणेची रुंद घोडी मोडते, असे शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच लिहून ठेवले आहे. नियम मोडणारी ती वक्रता हाताने साधते, आणि ती साधणाऱ्यांत माझी गणना होते, हे मी आजवर स्वतःला अंमळ जास्तच वेळा ऐकविले आहे.

या अहंकाराला भाच्याने भलतेच खाद्य पुरविले. वाद्य नेताना त्याने मला जॅको पॅस्टोरियस या अमेरिकन वादकाची १९७६ सालची तबकडी ऐकविली. त्याच्या बेसवर पडदे नाहीत. बोटाने तार थेट दांडीच्या पृष्ठभागावर दाबली जाते आणि बोटापुढे ती त्या पृष्ठभागावरून किंचित घासत, हळूहळू सुटत जाते. स्वर उमटतो आणि मग फुलतो. ती सरळसरळ खुली जवारी होती! माझ्या निकामी कानांनाही ती कळली, आणि पोराच्या चेहऱ्याकडे पाहावे लागले नाही. "हा आवाज मला माझ्या बेसवर आणून द्याल का, मामा?" असे त्याने विचारले. पडदे उपटण्याची परवानगी तुझ्या बापाकडून लेखी आण, असे मी त्यास बजाविले. आणि तो गेल्यावर, अमेरिकेच्या एका मोठ्या वादकाला जे लागले ते मिरजेत आम्ही कधीपासून देत आलो आहोत, असे बाजारातल्या ओळखीच्या प्रत्येक दुकानात सांगून आलो. कोणीही जॅकोचे नाव ऐकलेले नव्हते, ते माझ्या पथ्यावरच पडले.