मडगार्ड कापण्याआधी

मोठे टायर बसवले की जीप रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायला लागतो. त्यात आमच्या दिंडोरीकडची काळी माती! पावसाळ्यात बागेतून एक फेरी मारली की टायर दोन बोटं जाड होतो. पत्र्याची कड टायरच्या बाजूला लागत राहिली तर घाटात एखाद्या दिवशी टायर फुटायचा. म्हणून मडगार्ड कापायचा विषय निघतो.

सध्या आमच्या घरात हाच विषय आहे. गाडी अण्णांची, महिंद्राची जुनी एमएम ५४०. टायरची हौस दादाची. आणि हत्यारं निवडायचं काम माझ्याकडे, कारण सातपूरला पत्र्याच्या कामात माझी पंधरा वर्षं गेली. अण्णा काही बोलत नाहीत. त्यांच्या पहिल्या द्राक्षाच्या पेट्या याच गाडीतून गेल्या, हे मात्र आम्हा दोघांनाही माहीत आहे.

दादाचं म्हणणं, ग्राइंडर आण, दहा मिनिटांत काम. खरं आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे फिरतो आणि एक मिलिमीटरची कटिंग डिस्क पत्रा लोण्यासारखा कापते. पण ठिणग्या काचेवर पडल्या की तिथे कायमचे ठिपके पडतात. कापलेल्या कडेचा रंग जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. डिस्कवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त हवा आणि मधल्या कडीवर छापलेली मुदत संपलेली नको. गार्ड काढून ग्राइंडर चालवणारे मी रोज बघतो. डिस्क फुटली तर तुकडा कुठे जाईल याचा हिशोब कुणी करत नाही.

दुसरं हत्यार म्हणजे पत्रा कात्री. लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. ठिणगी नाही, उष्णता नाही. पण जिथे पत्रा दुमडून दुहेरी झालाय किंवा स्पॉट वेल्डिंग आहे तिथे ती अडते. तिसरं जिगसॉ. बारीक दातांचं ब्लेड लावून लांब सरळ कापाला छान, पण मडगार्डच्या गोलाईवर त्याचा तळ नीट बसत नाही आणि सगळा पत्रा थरथरतो.

मग माझी निवड काय? एकट्या पत्र्याला कात्री. दुहेरी कडेला ग्राइंडर, गार्डसकट, तेही थांबत थांबत. शेवटी कानस. ग्राइंडर लावताना चष्मा घालायचा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, काच आणि टायरवर ओलं गोणपाट टाकायचं. पाण्याची बादली जवळ हवीच.

हे सगळं नंतरचं. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीला कसबी माणूस आधी काडीवरचे डोळे मोजतो, मगच कात्री लावतो. एक डोळा चुकला तर त्या काडीचा घड गेला. इथेही तेच. एक पुढचं चाक दगडावर चढवायचं, म्हणजे स्प्रिंग दबते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं. टायर लागतो तिथेच खडूने खूण करायची आणि खुणेच्या अलीकडे कापून पुन्हा बघायचं. उरलेलं नंतरही कापता येतं. कधी कधी तर स्टिअरिंगचा स्टॉपर थोडा सरकवला की कापावंच लागत नाही. आणि छाटल्यावर काडीला पेस्ट लावतो तशी इथेही उघड्या कडेला त्याच दिवशी प्रायमर लावायचा, त्यावर रंग, त्यावर रबरी बीडिंग.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर मर्यादा घालतं आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग असतंच. तेव्हा टायरचं माप आणि मडगार्ड, दोन्हीबद्दल आधी आरटीओत विचारायचं, असं मी दादाला बजावलंय.

परवानगी मिळाली तरी अण्णांचं मडगार्ड कापायचं नाही, असं मी ठरवलंय. या जीपची पुढची मडगार्ड बोल्टवर असतात. भंगारातून एक जुनी जोडी आणायची, ती कापायची आणि मूळची तेल लावून माळ्यावर ठेवायची. दादाला हे आधी पटलं नाही. खर्च वाढतो, म्हणाला. मी म्हटलं, दादा, हत्यार निवडणं म्हणजे नुसतं कशाने कापायचं ते नाही, काय कापायचं नाही हेही त्यातच आलं.

खडूची रेघ मात्र अण्णांनी मारायची. घरात त्यांच्याइतका नेमका डोळा दुसऱ्या कुणाचा नाही. विचारलं तर म्हणाले, "आधी जोडी तर आणा, मग बघू." आमच्या अण्णांच्या भाषेत याला होकार म्हणतात.