दादामियाँची बंदूक, भाच्याचा गळ

आमच्या घराण्यात शिकारीच्या गोष्टी फार. दादामियाँ सातपुड्याच्या पायथ्याशी हरणामागे जात, असे अब्बा सांगत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती वाट बंद झाली. बरेच झाले. पण पोराला सबुरी शिकवायची कुठे?

आमचा भाचा यतीम. वर्गात दहा मिनिटे एका जागी बसत नाही. सुट्टीत त्याला घेऊन आम्ही प्रकाशाला जातो, तापी-गोमाईच्या संगमाकडे. मासळीला जबीहा लागत नाही, बंदूकही नको. तंगूस, गळ आणि कणकेची गोळी पुरे.

पहिल्या दिवशी त्याने मिनिटामिनिटाला गळ ओढून पाहिला. पावसाळा सरता सरता मात्र पाण्यावरचा बुडबुडा बघून तो ओठांवर बोट ठेवू लागला, आम्हांलाच गप्प करू लागला! कणीक घट्ट मळावी, नाहीतर पाण्यात विरघळते, हे त्याचे स्वतःचे संशोधन.

गेल्या रविवारी वीतभर रोहू लागला. त्याने निरखून पाहिला, अलगद गळ काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"मामू, छोटा है. बढ़ने दो."

रिकामी पिशवी पाहून आपा काय बोलल्या, ते इथे लिहीत नाही.